मधल्या पट्ट्यातले दगड

मॉरिशसमध्ये कुठल्याही रस्त्याने निघा, उसाच्या फडात दगडांचे ढीग दिसतात. काही कमरेइतके, काही दुमजली घराच्या उंचीचे. नवे ढीग यंत्राने ओतलेले असतात, त्यात बघण्यासारखं काही नाही. पण जुने ढीग बघावेत. खाली रुंद, वर निमुळते, कडेचा एकेक दगड तोंड बघून बसवलेला. चुना नाही, माती नाही, आणि तरी कित्येक चक्रीवादळं अंगावर घेऊन उभे. फडाफडांच्या मधून कोरड्या रचाईचे बांधही गेलेले आहेत. आपल्याकडे कोकणात त्याला गडगा म्हणतात. पाया खणायची पद्धत सोडली तर तंत्र तेच.

पर्यटकांच्या गाड्या या ढिगांशेजारून भरधाव जातात. त्यांना विमानतळावरून किनारा गाठायचा असतो, नाहीतर किनाऱ्यावरून डोंगर. बेटाची जाहिरातही दोनच गोष्टींची होते, वरच्या ज्वालामुखीच्या सुळक्यांची आणि खालच्या पांढऱ्या वाळूची. मी दोन्ही बघितलं, आवडलंही. पण माझं मत असं झालं की या बेटाचा खरा इतिहास डोंगर आणि वाळू यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे उसात घडला. वर चढले ते या उसाला कंटाळून आणि खाली उतरले ते उसाच्या पैशावर.

माझी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर. त्यामुळे दगडाचा ढीग दिसला की किती ब्रास माल असेल, हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. पहिल्याच दिवशी मी गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हरला वाटलं, मला लघुशंकेला जायचंय. तो सभ्यपणे दुसरीकडे बघत उभा राहिला. मी ढिगातला एक दगड उचलला. काळवत्रीच, पण आपल्यापेक्षा हलका आणि अंगभर मटाराएवढी भोकं. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात, त्यांची ती रिकामी घरं. आपल्या सह्याद्रीच्या दगडातही ती असतात, पण लक्षावधी वर्षं पाणी झिरपून त्यांच्यात पांढरे, हिरवट स्फटिक भरून बसलेले असतात. खाणीत सुरुंग उडाला की ते चकाकतात. बघायला सुंदर, खडीसाठी मात्र तो माल आम्ही परत पाठवायचो. मॉरिशसच्या फडातल्या दगडात काही भरलेलं नव्हतं. वयाने कोवळा दगड.

कोवळा आणि तरी नात्यातला. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की हिंदी महासागराखाली, आजच्या रेयुनियाँ बेटाच्या आसपास, पृथ्वीच्या पोटात एक तापलेली जागा आहे. जागा जवळजवळ तिथेच राहते, वरचं कवच सरकतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा त्या जागेवरून जात असताना फुटून जो लाव्हा पसरला, तोच आपल्या दख्खनच्या पठाराचा आणि सह्याद्रीचा काळा दगड. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव अशी रांग सुटत गेली. अगदी अलीकडे, म्हणजे ऐंशीएक लाख वर्षांपूर्वी, त्याच चुलीवर मॉरिशस उकळून वर आलं. आता चूल दोनशेक किलोमीटरवरच्या रेयुनियाँखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. मॉरिशसचे ज्वालामुखी विझले आहेत, पण विझण्यापूर्वी त्यांनी जुन्या डोंगरांच्या पायाशी लाव्ह्याचे नवे थर पसरले, आणि नेमकं त्या थरांवर ऊस लावायचं माणसांनी ठरवलं. म्हणून फडात नांगर घालावा तिथे दगड.

ऊस आणला डचांनी. ते १५९८ मध्ये आले, आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, काळ्या एबनीची जंगलं तोडली, जावाहून ऊस आणि हरणं आणली. डोडो त्यांच्याच काळात संपला, मात्र त्याचं पाप त्यांच्या बंदुकांपेक्षा जहाजांतून बेटावर आलेल्या डुकरांवर, माकडांवर आणि उंदरांवर जास्त जातं. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. जाताना रानात पळालेले काही गुलाम मागे राहिले असावेत, असं मानतात. म्हणजे इथून पळून डोंगरात जाण्याची रीत फ्रेंचांच्याही आधीची.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट ताब्यात घेतलं. माहे द ला बूर्दोने हा गव्हर्नर १७३५ मध्ये आला आणि पोर्ट लुईचं बंदर, इस्पितळ, साखर कारखाना असं सगळं त्याने उभं केलं. उभं केलं म्हणजे करवून घेतलं. मादागास्कर, मोझांबिक, थोडे भारतातून, अशा गुलामांकडून. या बेटांसाठी १७२३ मध्ये गुलामांचा जो फ्रेंच कायदा लागू झाला, त्यात पळून जाण्याची शिक्षा कलमवार लिहिलेली आहे. महिनाभर फरार राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर तापल्या लोखंडाने फ्रान्सच्या राजाचं फूल उमटवायचं. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची आणि दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा देहदंड. इतकं असूनही माणसं पळत होती, यावरून फडातलं जगणं काय असेल ते समजावं.

पळालेल्यांच्या जागांपैकी सगळ्यात नावाजलेली म्हणजे नैर्ऋत्य टोकावरचा ल मोर्न ब्राबाँ. ५५६ मीटर उंचीचा, तीन बाजूंना समुद्र आणि कडे जवळजवळ सरळ. वर तीसेक एकरांचा सपाट माथा आहे. किल्ला बांधायला आपल्याकडच्या कुणाही जाणत्याने हीच जागा निवडली असती, आणि इथे तटबंदीचीही गरज नाही. माथ्याच्या अलीकडे डोंगराला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच आहे. सांगतात की पळालेल्यांनी तिथे फळी टाकली होती. शिपाई दिसले की फळी ओढून घ्यायचे. फळी कुणी जपून ठेवलेली नाही. पण माथ्यावर आणि कपारींत माणसं राहिल्याच्या खुणा पुराणवस्तू संशोधकांना मिळाल्या आहेत.

ल मोर्नची मुख्य गोष्ट मात्र १८३५ ची आहे. तोवर इंग्रज आले होते (१८१० पासून), आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपल्याचं जाहीर झालं. ही बातमी सांगायला शिपायांची तुकडी ल मोर्नकडे निघाली. वरून बघणाऱ्यांना वाटलं, पकडायलाच आले. त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. गोष्ट तोंडी चालत आलेली आहे, तिला दप्तरी कागदाचा आधार नाही. तिथल्या क्रिओल लोकांना तो लागतही नाही. युनेस्कोने २००८ मध्ये ल मोर्नला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा या तोंडी परंपरेचीही दखल घेतली. मला विचाराल तर गोष्ट जशी सांगतात तशी घडली की नाही, यापेक्षा मला त्या वर्षाचे हिशेब जास्त बोलके वाटतात, आणि ते सगळे कागदावर आहेत. गुलाम मोकळे झाले त्याची भरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने मॉरिशसच्या मालकांना सुमारे वीस लाख पौंड दिले. गुलामांना काही नाही. उलट ‘उमेदवारी’ म्हणून त्यांनी त्याच मालकांकडे आणखी काही वर्षं राबायचं होतं. ती १८३९ मध्ये संपली. संपल्यावर बहुतेकांनी मळा सोडला.

डोंगर चढायला आता वाट आहे. खालच्या गावातला एक क्रिओल मुलगा वाटाड्या म्हणून बरोबर होता. पहाटेच निघालो, कारण ऊन चढलं की दगड तापतो. पहिला टप्पा रुंद कच्चा रस्ता, झाडीतला, माझ्या वयाच्या माणसालाही जमण्यासारखा. पुढे वाट एकदम उभी होते. हातापायांनी, दोराला धरून जायचं. इथला दगड हाताखाली आला आणि मी ओळखला. फडातल्या दगडासारखा भोकाभोकांचा नाही, घट्ट, जुना, थरावर थर. बेटाच्या पहिल्या ज्वालामुखीचा हा उरलेला अवशेष. आंबा घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा जसा दिसतो तसाच कापीव भाग एका वळणावर दिसला, तेवढ्यात मुलाने ओरडून सांगितलं की दगड बघू नका, पाय बघा.

वाटेत त्याने एका खुरट्या झुडपाकडे बोट दाखवलं. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल त्याला येतं, घंटेसारखं खाली लोंबणारं, लालसर. हे झुडूप जगात फक्त ल मोर्नच्या कड्यांवर उगवतं. आम्ही गेलो तेव्हा फुलं नव्हती. पर्यटकांना एका लोखंडी क्रॉसपर्यंतच सोडतात, खरा माथा खाचेच्या पलीकडे राहतो. मुलगा क्रॉसला पाठ टेकून बसला आणि पाव खायला लागला. मी विचारलं, उड्यांची गोष्ट घरात कुणी सांगितली? म्हणाला, शाळेत. आजोबा सांगायचे ती गोष्ट वेगळी होती: डोंगराच्या पायथ्याशी त्रू शेनी नावाची त्यांची वस्ती होती, समुद्रालगत, सुटलेल्या गुलामांच्या वंशजांची. विसाव्या शतकात वस्तीला तिथून उठावं लागलं. आता तिथे उघड्यावरचं छोटं संग्रहालय आहे आणि आसपास हॉटेलं.

क्रॉसपासून खाली बघितलं की वाळूचं गणित कळतं. बेट काळ्या दगडाचं आणि किनारा पांढरा, याचं कारण ही वाळू डोंगराची नाहीच. ती प्रवाळाची आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर दीडशे किलोमीटरची प्रवाळाची भिंत जवळजवळ सगळ्या बेटाला वेढून आहे. लाटा तिच्यावर फुटतात, आतलं पाणी उथळ आणि संथ राहतं, आणि प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा किनाऱ्यावर येऊन पडतो. दक्षिणेला ग्रि-ग्रिजवळ ही भिंत तुटलेली आहे; तिथे काळ्या कड्यांवर समुद्र सरळ येऊन आपटतो, पोहायची सोय नाही. बेटाची खरी कड ती. हेलिकॉप्टरमधून काढलेल्या फोटोंत ल मोर्नच्या समोर समुद्रात धबधबा कोसळताना दिसतो, तो बघायलाही लोक पैसे मोजतात. धबधबा नाही तो. उथळ भागातली वाळू प्रवाहाने वाहत खोल पाण्याच्या उतारावरून खाली जाते, त्याचा तो भास. म्हणजे खरं तर किनाऱ्याचा माल खोल समुद्रात चाललेला असतो.

आता पुन्हा उसाकडे. गुलाम मोकळे होणार हे मळेवाल्यांना आधीच कळलेलं होतं. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची इंग्लंडमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आली होती आणि तेव्हापासून जमेल तिथे ऊस लावायची घाई सुरू होती. माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. हा प्रयोग म्हणून आणलेला पहिला जथा. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसं उतरली. १८३९ मध्ये गैरप्रकारांच्या ओरडीमुळे भारतातून माणसं पाठवणं बंद झालं आणि १८४३ मध्ये मॉरिशसपुरतं पुन्हा सुरू झालं. बंदरावरचा इमिग्रेशन डेपो म्हणजे आजचा आप्रवासी घाट. सोळा पायऱ्या, काळ्या दगडाच्या. युनेस्कोने त्याला वारसा ठरवलं २००६ मध्ये, ल मोर्नच्या दोन वर्षं आधी.

माणसं तीन बंदरांतून यायची. कलकत्त्याहून सगळ्यात जास्त, मग मद्रास, आणि मुंबईचा वाटा सगळ्यात लहान. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसं होती. मुंबईची भरती पुढे लवकर आटली. त्याला माझं उत्तर सोपं आहे: १८५३ मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ गिरण्या आल्या, गोदीची कामं निघाली; कोकण्याला मुंबईतच हमाली मिळायला लागल्यावर त्याने काळं पाणी का ओलांडावं? पण जे आधी गेले ते गेले, आणि त्यातले बरेच बेटाच्या पश्चिम अंगाला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाक्वाच्या बाजूला वसले.

करारातलं एक कलम मी खात्यातल्या मस्टरमुळे चटकन समजलो. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. ‘डबल कट’ असंच त्याला म्हणायचे. आजारी असो, ताप असो, पाऊस असो. आमच्याकडे रोजंदारीवरचा मजूर आला नाही तर त्याचा खाडा लागायचा, एका दिवसाचा. त्यावरूनही भांडणं व्हायची. इथे महिन्यात पंधरा दिवस चुकले की हिशेब शून्यावर. १८६७ मध्ये त्यावर पासचा कायदा आला. करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला परवाना खिशात बाळगावा लागे; नसला की भटक्या म्हणून पोलीस उचलत. १८७१ मध्ये आदॉल्फ द प्लेवित्स नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने या जाचाविरुद्ध मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-अंगठे होते. बाकीच्या मळेवाल्यांनी त्याला बेटाबाहेर काढण्याची मागणी केली. पण पुढच्या वर्षी इंग्लंडहून चौकशी आयोग आलाच, आणि अर्जातल्या तक्रारी बव्हंशी खऱ्या निघाल्या.

या सगळ्या वर्षांत फडातले दगड कोण वेचत होतं, हे वेगळं सांगायला नको. ऊस लावण्याआधी दगड बाजूला करायचे, लावल्यावर खोडव्याच्या वेळी पुन्हा वर आलेले काढायचे. हलके ते डोक्यावरून, जड ते पहारीने लोटत. ढिगावर टाकायचे, ढीग पसरून फडाची जागा खाऊ नये म्हणून कडा नीट रचायच्या. ढीग वर वर का चढवले याचं उत्तर तेवढंच: दगडाने कमी जागा अडवावी. त्यात कला बघणारे लेख मी वाचलेत. मुकादमाची शिवी चुकवण्याचं ते काम होतं. मात्र एकदा हात लागला की कामगार वाकडा दगड वाकडा बसवत नाही, हेही मी जन्मभर बघितलंय.

डोंगरावर गुलाम चढले ते लपायला. साहेब चढले ते डासांना घाबरून. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची मोठी साथ आली, पोर्ट लुईत हजारो माणसं मेली, तेव्हा ज्यांना परवडत होतं ते वर थंड हवेच्या क्युरपिप गावात गेले. त्र्यू ओ सेर्फ नावाचं ज्वालामुखीचं तोंड या गावातच आहे. भोवती बंगले, आणि खाली तळाशी गाळाने भरलेलं डबकं. मजूर चढले ते देव शोधायला. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की दक्षिणेच्या डोंगरातल्या ग्राँ बासँ तळ्यात गंगा येते. तळं म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंडच. लोक महाशिवरात्रीला पायी जायला लागले, १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं, आणि आज या तळ्याची, म्हणजे गंगा तलावाची यात्रा ही बेटावरची सगळ्यात मोठी यात्रा आहे. खांद्यावर कावड घेऊन माणसं रात्रभर उसामधून चालत येतात.

मराठी लोकांचा मोठा सण गणपतीचा. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, आणि विसर्जन अर्थातच किनाऱ्यावर. ब्लॅक रिव्हरकडच्या एका घरात मला जेवायला बोलावलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या. बोलतात क्रिओल, त्यांची नात शाळेत मराठी शिकलेली, तिने दुभाष्याचं काम केलं. मला ती काका म्हणत होती. आजींनी गणपतीतल्या जाखडी नाचाचं सांगितलं, कमरेला काय बांधायचे, पायात काय, मधे ढोलकी घेऊन कोण बसायचा. सांगता सांगता बसल्या जागी त्यांनी पायाचा ठेका धरला. तो माझ्या ओळखीचा होता. लांजा, राजापूरकडे गणपतीत रात्र रात्र हेच चालतं. पोशाखात फरक असेल, ठेक्यात नव्हता.

मग नातीने एक कागद आणला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची सगळी दप्तरं ठेवलेली आहेत; पूर्वजाचं नाव सापडलं की उतारा मिळतो. नाव, बापाचं नाव, वय, जात मराठा, उंची पाच फूट तीन इंच, खूण म्हणून कपाळावरचा व्रण. जिल्हा रत्नागिरी. या माणसाचं पाळण्यातलं नाव आता त्यांचं आडनाव झालेलं आहे. बेटावर भिवाजी, सखाराम अशी आडनावं त्यामुळेच भेटतात. गावाचं नाव मात्र कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. मी तालुके आठवून आठवून बघितले. संगमेश्वरातलं एक, राजापुरातलं एक आणि देवरुखजवळची एक वाडी, अशी तीन गावं त्यात बसत होती. मी तिन्ही कागदावर मराठीत लिहून दिली. आजींनी विचारलं, तिथे दगड आहेत का? म्हटलं, आहेत की, पण वर जांभा आहे, लाल. काळा दगड त्याच्या खाली. त्यांच्या सासऱ्यांचा एक पाय फडात दगड पडून कायमचा वाकडा झाला होता, म्हणून त्यांनी विचारलं.

किनाऱ्याचा इतिहास आता थोडक्यात, कारण तो छोटाच आहे. भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरचा पट्टा फ्रेंच अमदानीपासून सरकारी मालकीचा. शत्रू आला तर तोफखान्याला जागा हवी म्हणून राखलेला. शत्रू येईना झाल्यावर तो बंगल्यांना आणि पुढे हॉटेलांना भाड्याने मिळायला लागला. सामान्य माणसासाठी किनाऱ्याचे काही तुकडे ‘पब्लिक बीच’ म्हणून ठेवलेत. रविवारी तिथे सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन येतात, भाताची भली मोठी पातेली, लोणची, ढोल. हॉटेलाच्या तारांपलीकडे परदेशी पाहुणे त्याच वाळूवर पडलेले असतात. ल मोर्नचा किनारा तर डोंगराच्या थेट पायाशी, आणि तिथेच २००९ पासून गुलामांच्या वाटेचं स्मारक आहे. दगडात कोरलेली शिल्पं. जवळच लाटांवर पतंग बांधून धावणाऱ्यांचा खेळ चालू असतो. मला त्यात काही विटंबना वाटली नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाने सुट्टी घ्यावी.

वाळूचं खरं नुकसान सुट्टीवाल्यांनी केलेलं नाही. प्रवाळ भाजून चुना काढायच्या भट्ट्या किनाऱ्यावर होत्या. तो चुना घरांना लागे आणि उसाचा रस निवळायलाही लागे. पुढे सिमेंटचं बांधकाम वाढलं तशी उथळ समुद्रातून वाळू काढायची, होड्या भरभरून. आपल्याकडच्या खाड्यांत जे झालं तेच. २००१ मध्ये सरकारने हा उपसा बंद केला. मग बांधकामाला वाळू कुठून? काळा दगड क्रशरमध्ये दळून. आपल्याकडे क्रश सँड आली तेव्हा ठेकेदारांनी जी कुरकुर केली ती मी ऐकलेली आहे. तिथेही तीच झाली असणार. २०२० च्या जुलैत ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल सांडलं, तेव्हा लोकांनी सरकारची वाट बघितली नाही. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवून त्यात उसाचा पाला भरला आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. मधला पट्टा किनाऱ्याच्या मदतीला आलेला मला माहीत असलेला हा एकच प्रसंग.

ऊस स्वतःच आता मागे सरतोय. युरोपात मॉरिशसच्या साखरेला ठरलेला चढा भाव मिळायचा, तो करार २००९ मध्ये संपला. एकेकाळी अडीचशेच्या वर साखर कारखाने होते. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि बाकीच्यांची काळ्या दगडाची धुराडी फडात एकटी उभी आहेत. परदेशी माणसाला व्हिला विकत घेता येईल अशी योजना २००२ मध्ये निघाली, तेव्हापासून फडांच्या जागी गोल्फची मैदानं आणि तांबड्या छपरांची घरं उगवताहेत.

शेवटच्या आठवड्यात मी एका क्रशरवर गेलो. पाहुणा म्हणून नाही, सवयीने. फाटकातून डंपर आत येत होते आणि त्यातला माल खाणीचा नव्हता, हे लांबूनच कळलं. खाणीचा दगड धारदार असतो. हा गोलसर, शेवाळलेला, वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेला, भोकाभोकांचा. शेजारचा ऊस काढून तिथे व्हिला व्हायच्या होत्या, त्या फडातले ढीग उचलून आणत होते. सुपरवायझर तरुण होता, भोजपुरी मुळाचा, हिंदी बोलणारा. त्याने जाळ्या दाखवल्या, धुतलेली आणि न धुतलेली वाळू वेगळी दाखवली, बारीक भुकटीचं प्रमाण किती येतं ते सांगितलं. आमच्याकडच्या दगडापेक्षा भुकटी कमी येत होती. मी विचारलं, हे ढीग हलवायला कुणाची परवानगी लागते का? तो म्हणाला, जमीन ज्याची दगड त्याचे. आणि मग त्याने मला विचारलं की भारतात एका ब्रासला सध्या काय भाव चाललाय.